‘चितारी’ हा शब्द आणि सावंतवाडीच्या गंजिफा

मराठीतील व्यवसायवाचक नामांची एक मोठी माला संस्कृत ‘-कार’ या उत्तरपदापासून निर्माण झालेली आहे. कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार आणि चर्मकाराचा चांभार झाला. त्याच नियमाने चित्रकाराचा ‘चितार’ आणि त्यापासून ‘चितारी’ हे रूप सिद्ध झाले. या ध्वनिपरिवर्तनाबरोबर अर्थाचेही एक परिवर्तन घडले. ‘कार’ म्हणजे करणारा. पण ‘-आर’ हा अंश कानाला पारखा झाला, तेव्हा ‘करणारा’ मागे पडून ‘त्या कुळात जन्मलेला’ हा अर्थ पुढे आला. व्यवसायाचे नाव जातीचे व पुढे आडनावाचे झाले. सावंतवाडीच्या गंजिफांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

गंजिफा हा खेळ व त्याचे नाव ही दोन्ही फारसीच्या मार्गाने भारतात आली. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफांची पाने पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफांत आठ रंग व ९६ पाने असत. दक्षिणेत व पूर्वेकडे या साच्यात विष्णूचे दहा अवतार बसविण्यात आले, आणि दहा रंगांचा, प्रत्येकी बारा पानांचा, म्हणजे एकूण १२० पानांचा दशावतारी संच तयार झाला. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी पाने असतात. पाच रंगांत मोठा आकडा श्रेष्ठ, तर उरलेल्या पाचांत लहान आकडा श्रेष्ठ. दिवसा खेळावयास बसल्यास राम रंगाचा मान, रात्री कृष्णाचा. हे सर्व ध्यानात ठेवणे ही खेळणाऱ्याची खरी कसोटी होती.

सावंतवाडीस हा खेळ सावंत-भोसले घराण्याच्या आश्रयाने रुजला. पाने वर्तुळाकार असत. कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, त्यांवर पांढऱ्या मातीचा हात देऊन, वर चित्र रंगवीत व शेवटी लाखेचा लेप चढवीत. हे काम चितारी कुटुंबांचे. तीच कुटुंबे पाट, चौरंग, लाकडी खेळणी व फळेही रंगवीत. गावातील चितारआळी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पुढे छापील बावन्न पानी पत्ते स्वस्त झाले आणि हाताने रंगविलेल्या संचाचे गिऱ्हाईक ओसरले. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर दरबारी मागणीही संपली. खेळण्यांना बाजार होता, म्हणून लाखकाम कसेबसे टिकले. गंजिफा मात्र जवळजवळ नाहीशा झाल्या; ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी यांच्यासारखे वृद्ध कारागीरच काय ते उरले.

या अवस्थेत राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुढाकार घेतला. बडोद्याच्या गायकवाड घराण्यात जन्मलेल्या राणीसाहेबांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला स्वतः शिकून घेतली, आणि १९७०च्या सुमारास राजवाड्यातच लाखकामाचा घरगुती उद्योग उभा राहिला. स्थानिक तरुण मुलामुलींना शिकवून त्यांच्याकडून गंजिफा, पाट, पेट्या इत्यादी वस्तू करून घेण्यात येऊ लागल्या. ज्या घराण्याचे पूर्वज या कलेचे आश्रयदाते होते, त्याच घराण्याची सून आता कारागिराची शिष्या झाली. आश्रयदाता पाने विकत घेतो, परंतु कुंचला कसा धरावा हे त्याला माहीत नसते. मागणी संपली की त्याचा आश्रयही संपतो. शिकलेला हात मात्र दुसऱ्यास शिकवू शकतो. केवळ आश्रयाने ही कला वाचली नसती, ती शिष्यत्वाने वाचली, असे म्हणावे लागते.

या घटनेने ‘चितारी’ शब्दावर चढलेला जन्माचा लेप काहीसा उतरला. चितारी आडनाव नसलेला मुलगा वा मुलगी राजवाड्यात बसून मत्स्य-कूर्म रंगवू लागली, तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ, ‘चित्र करणारा’, पुन्हा जिवंत झाला. भाषेने ही वाट कधीच बंद केली नव्हती, कारण ‘चितारणे’ हे क्रियापद सर्वांसाठी मोकळेच होते. तथापि या मोकळेपणाचे श्रेय देताना, ज्या वृद्ध कारागिरांनी कुळाची विद्या कुळाबाहेर दिली, त्यांचा वाटा पहिला मानला पाहिजे. त्यांच्यावाचून राजवाड्याजवळ इच्छा होती, विद्या नव्हती.

२०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाचे रक्षण झाले. खेळाचे रक्षण मात्र निराळे आहे. आज संच विकत घेतला जातो तो बहुधा भिंतीवर वा काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी. पूर्वी रंगविणाऱ्याची चूक खेळणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येई, कारण एक मासा कमी रंगविला गेला तर डावच बिघडे. खेळणारा नाहीसा झाला की पाने मोजणाराही नाहीसा होतो, आणि रंगांची नावे, पानांचा क्रम, दिवसाचा राम व रात्रीचा कृष्ण ही सारी परिभाषा बोलण्यातून गळून पडते. हात शिकविण्याचे काम एका घराण्याने व काही कारागिरांनी केले. खेळाची भाषा शिकविण्याचे काम अद्याप उरलेले आहे, आणि ते खेळावयास बसल्यावाचून होणारे नाही.