आधी धूळ, मग पाणी

गाडीच्या दरवाजातून पाणी आत येतं ही तक्रार खरं तर लोणावळ्याकडची. तिथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत तो पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. ढगांतलं पाणी सह्याद्रीनं मावळातच उतरवून घेतलेलं असतं. तरीही दरवाजांची रबरं काढण्या-घालण्याचं काम मी दौंडला शिकलो, शिरूरला दुकान टाकलं आणि त्यावर घर चालवलं. आमच्याकडे हा धंदा उभा राहिला तो उन्हावर आणि धुळीवर. पाण्याचा नंबर नंतर लागला.

शिरूर पुणे-नगर रस्त्यावर, दौंड पुणे-सोलापूर रस्त्याच्या आणि रेल्वेच्या अंगाला. मोठे रस्ते आधीपासून डांबरी, पण न्हावरे-चौफुला भागातल्या गावरस्त्यांवर मुरूम आणि फुफाटाच असायचा. उसाचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर त्या फुफाट्याचं पीठ करत. चालत्या गाडीत हवेचा दाब कमी-जास्त होतो आणि जिथं फट असेल तिथून धूळ आत ओढली जाते. चौफुल्याहून न्हावऱ्याला पोचेपर्यंत पांढऱ्या लेंग्याचा रंग बदलायचा.

जीपच्या काळात याचं कुणाला काही वाटत नसे. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली आणि सरकारी खात्यांपासून बागायतदारांपर्यंत ती सगळीकडे पोचली. वर कापडी टप, बाजूला बटणांचे पडदे. धूळ येणार हे धरूनच माणसं तोंडाला उपरणं गुंडाळून बसत. पाऊस आला तर पडदे सोडायचे आणि तरीही भिजायचं.

दार लावलं की बाहेरचं बाहेर राहावं, ही अपेक्षा आमच्याकडे आणली फियाटनं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. लोकांनी तिचं नाव ठेवलं डुक्कर फियाट. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, बिजागऱ्या मधल्या खांबाला. पुढे १९६४ ची डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे आमच्याकडे यायची ती दुसऱ्या-तिसऱ्या हातची, पुण्याच्या डॉक्टरनं किंवा मुंबईच्या वकिलानं वापरून सोडलेली. घोड धरणाचं पाणी शिरूरच्या पूर्वेला फिरलं, खडकवासल्याचा कालवा दौंडमधून गेला, पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना उभा राहिला, तशा या गाड्या वस्त्यांवरच्या गोठ्याशेजारी दिसू लागल्या.

त्यांतली मुंबईची गाडी आणि आमच्याकडे जुनी झालेली गाडी डोळे झाकून ओळखू येई. मुंबईच्या गाडीचं रबर मऊ, पण पत्रा गेलेला. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेनं दरवाजाचा तळ आणि पायरीखालचा पत्रा पोखरलेला असायचा. लांबी भरून रंग मारला असला तरी अंगठ्यानं दाबलं की पोपडा सुटायचा. आमच्याकडच्या गाडीचा पत्रा ठणठणीत, पण रबर वाळून कडक झालेलं, कोपऱ्यात वाकवलं तर तुटणारं. मुंबईच्या गाडीला पत्र्याचा मिस्त्री लागायचा, आमच्या गाडीला रबरवाला.

हे कडक होणं नुसत्या उन्हानं होत नाही. त्या काळी बरीचशी रबरं नैसर्गिक रबराची असत. नैसर्गिक रबराच्या लांब साखळ्यांत दुहेरी जोड असतात आणि हवेतला ओझोन नेमका तिथंच घाव घालतो. रबर ताणलेलं असेल, म्हणजे दरवाजाच्या कोपऱ्यावर, तिथं आधी आडव्या भेगा पडतात. उष्णतेनं ते आणखी आखडतं. त्यात धूळ बसली की प्रत्येक वेळी दार लावताना ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. आठ महिने हे चालू असतं आणि कुणाला पत्ता नसतो. मग मे महिन्यात वळीव येतो. मृगाचा पाऊस सरळ पडतो, वळीव वाऱ्याबरोबर आडवा मारतो. तो गेल्यावर मालक दुकानात येऊन म्हणणार, “कालच्या पावसानं गाडी गळायला लागली.” गाडी गळायला लागलेली असते दिवाळीपासून, तोवर तिच्यातून फक्त धूळ गळत होती.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते दौंडचे वस्ताद म्हणूनच आलेली गाडी धुवू देत नसत. पोऱ्यानं फडकं हातात घेतलं की ओरडत, “अरे पुसू नको, आधी वाचू दे!” दरवाजा उघडून ते चौकटीच्या कडेनं बॅटरी फिरवत. रबर जिथं नीट दाबलं जातं तिथं पत्रा स्वच्छ असतो. जिथं फट, तिथं धुळीचा पट्टा आतल्या अंगाला आलेला असतो. बाहेर जाड, आत विरत गेलेला. धूळ मुरमाची तांबूस आहे की काळ्या रानाची, यावरून गाडी कोणत्या गावची हेही ते सांगत. पट्टा दिसला त्या जागी खडूनं खूण करायची आणि मगच गाडी धुवायची.

खुणेची खात्री करायला वर्तमानपत्राची पट्टी पुरते. ती चौकटीवर धरून दार लावायचं आणि हळू ओढायची. अडकत आली तर रबर दाबतंय, सुळकन निघाली तर तिथं फट आहे. दुसरी तऱ्हा खडूची. चौकटीच्या कडेला खडू फासून दार एकदा लावायचं आणि उघडून रबर बघायचं. त्यावर पांढरी रेघ अखंड उठली पाहिजे. तुटली तिथं काम आहे. पाण्याची पाळी शेवटी. उन्हाळ्यात जिथं टँकरची वाट बघत हंडे रांगेत असत, तिथं गाडीवर पाइप सोडून उभं राहणं बरं दिसत नसे, म्हणून बादली आणि मग. पोऱ्याला बॅटरी देऊन आत बसवायचं आणि पाणी खालून ओतत वर जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून एकदमच उतरतं आणि काहीच कळत नाही.

रबर ठीक असूनही पायाखाली पाणी, अशा गाड्याही पुष्कळ येत. दरवाजाच्या पोटात पाणी जातंच, हे मालकाला पटवायला वेळ लागे. काच खाली उतरते तिथली पट्टी सगळं पाणी अडवत नाही. थोडं आत जाऊन दरवाजाच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावं, अशीच ती रचना असते. आमच्या धुळीनं ती भोकं बुजतात. पाणी साचून दार हलवलं की आत खळखळ ऐकू येते आणि पुढच्या वर्षी तळाचा पत्रा आतून सडतो. त्यावर इलाज सायकलचा जुना स्पोक. भोकात घालून फिरवला की चिखल बाहेर. दुसरं, आतल्या पुठ्ठ्यामागं प्लॅस्टिकचा कागद लावलेला असतो, तो पोटातलं पाणी आत येऊ देत नाही. ऐंशीच्या दशकात टेप आणि दरवाजात स्पीकर बसवायची हौस आली. स्पीकरवाले तो कागद ब्लेडनं कापून फेकून देत. पहिल्या पावसात पुठ्ठा फुगायचा, गालिचाला कुबट वास यायचा आणि दोष रबरावर यायचा. फियाटच्या पुढच्या दारातल्या तिकोनी काचेचं रबरही असंच फसवं. पाणी तिथून शिरून दाराच्या आतल्या बाजूनं उतरे आणि दिसे भलतीकडेच.

तिसरा दोष बिजागरीचा. दार अर्धं उघडून खालून उचलून बघायचं. वर-खाली झालं तर पिन झिजली आहे, दार बसलं आहे. अशा दाराला कितीही चांगलं रबर घाला, खाली ते चेपणार आणि वर फट राहणार. आधी पिन आणि बुश बदलायचे, मग कुलपाचा पकडणारा तुकडा सरकवून दार आत घ्यायचं आणि त्यानंतर रबराला हात लावायचा. घाईचं गिऱ्हाईक म्हणे, “मिस्त्री, तुम्ही रबर तेवढं घाला.” त्याला वस्तादांचं ठरलेलं उत्तर असे, “घालतो दादा, पण पैसे पुढच्या पावसात परत मागू नका.”

रबर आणायचं पुण्याच्या नाना पेठेतून. जुन्या रबराचा चार बोटांचा तुकडा खिशात घालून जायचं, कारण दुकानदार गाडीच्या नावापेक्षा नमुन्यावर विश्वास ठेवत. काप सारखा दिसला तरी पोकळी किती, ओठ कुठल्या बाजूला, हे बोटानं दाबून बघायचं. बसवण्याआधी पत्र्यावरचं जुनं सोलुशन खरवडून काढायचं, गंज असेल तर घासून प्रायमर मारायचा. नवं सोलुशन पत्र्याला आणि रबराला दोन्हीकडे लावून वारं लागू द्यायचं. बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. रबर ओढून कधी बसवायचं नाही. ओढलेलं रबर थंडीत आखडून कोपरा सोडतं, शिवाय ताणलेलं म्हणून लवकर फाटतं. उलट कोपऱ्यात ते थोडं लोटून जास्त घालायचं. सांधा नेहमी खालच्या बाजूला, कारण सगळ्यात आधी सांधाच उघडतो आणि तो वर असेल तर पाणी डोक्यावर येतं. मग रात्रभर दार बंद. नव्या रबरानं दार घट्ट लागतं, म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं. काही दिवसांत रबर बसतं.

रबर जपायला मेडिकलमधलं ग्लिसरीन बोटानं चोळावं, वरून टाल्कम पावडर. आमच्या भागात मात्र गाडी विकायला काढताना रबर काळंभोर दिसावं म्हणून त्यावर डिझेल फासायची जुनी खोड आहे. खनिज तेलानं रबर फुगतं, लिबलिबीत होतं आणि महिन्या-दोन महिन्यांत चौकटीला चिकटून फाटतं. चमकणारं रबर दिसलं की मी आधी वास घेतो.

बदल सुरू झाला मारुतीपासून. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती गेली आणि काही वर्षांतच ती आमच्या बाजारतळावर दिसू लागली. या नव्या जातीच्या गाड्यांचं दाराचं रबर सोलुशननं चिकटवायचं नव्हे. आत पत्र्याचा कणा असलेलं, चौकटीच्या कडेवर दाबून बसवायचं. त्या रबराचा मालही पुढं बदलत गेला. ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर साठच्या दशकात जगाच्या बाजारात आलं होतं. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी जोड नसल्यानं ओझोनला घाव घालायला जागा मिळत नाही. जी रबरं आम्ही चार-पाच पावसाळ्यांनी बदलत होतो, ती आता दहा-बारा वर्षं टिकू लागली. डिझेलचं वावडं मात्र यालाही आहे.

मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर बुडालेल्या काही गाड्या धुऊन-पुसून स्वस्तात बाहेर विकल्या गेल्या. आतली सीटं नवी, रंग चकचकीत. पण दाराचं रबर कडेवरून उपसलं की त्याच्या पोटात वाळलेल्या गाळाची करडी रेघ सापडे. आमच्या फुफाट्याची धूळ अशी थर धरून कधी बसत नाही. ती रेघ बघून काही सौदे माझ्या दुकानाच्या दारातच मोडले.

पुढं गाडीचा कारखाना शिरूर तालुक्यातच आला. रांजणगावच्या एमआयडीसीत फियाटनं टाटांबरोबर भागीदारी केली आणि २००९ मध्ये तिथली लिनिया बाजारात उतरली. २०१७ पासून तिथं टाटांची नेक्सॉन बनू लागली आणि जीप कंपासही. पडदे सोडून भिजणारी जीप आणि आम्ही जिची रबरं बदलली ती फियाट, दोन्ही नावं अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या गावी एका छपराखाली आली. आज मोटारीच्या कारखान्यात तयार गाडी पाण्याच्या फवाऱ्याखालून जाते; थेंब आत आला तर ती परत आत. हे उत्तमच आहे. पण ती परीक्षा नव्या रबराची असते. न्हावऱ्याच्या बाजूला आठ उन्हाळे काढलेल्या रबराची परीक्षा अजून आमच्याकडेच होते.

पद्मिनी आता शोधावी लागते. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आमच्याकडे येतात त्या दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या गाड्या, आणि त्यांचे आजार तेच, फक्त उशिरा होणारे: बुजलेली भोकं, फाटलेला कागद, बसलेलं दार आणि शेवटी रबर. रस्ते डांबरी-सिमेंटचे झाले, धूळ कमी झाली, त्यामुळे फट कुठं आहे हे कळणं उलट अवघड झालं. मालक वळीव झाल्यावर गाडी आणतात, तीही वॉशिंग सेंटरवरून चकाचक करून. त्यांना माझं सांगणं एवढंच असतं: उसाच्या शेवटच्या तोडीनंतर, मार्चच्या आसपास या, आणि कृपा करून गाडी धुऊन आणू नका.