मानेवरचा काळा पट्टा: एका खुणेचा इतिहास

मंडळी, मांजरीत बोलायला उभं राहिलं की साखरेचा विषय निघतोच. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथलीच. पण आज उसाच्या नाही, रक्तातल्या साखरेबद्दल बोलू, आणि तेही मानेकडे बघून.

मानेमागे किंवा काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा दिसतो. घरी लगेच ऐकवलं जातं, "अगं, मान नीट घास!" मग डाळीचं पीठ, लिंबू, घासणी. पट्टा काही जात नाही, मुलीच्या मनात मात्र लाज बसते.

वैद्यकशास्त्रात या खुणेची नोंद झाली १८९० च्या सुमारास, पॉलिट्झर आणि यानोव्स्की यांच्याकडून. नाव मिळालं ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स. सुरुवातीला तिचा संबंध मुख्यतः पोटातल्या कर्करोगाशी जोडला गेला. पुढे १९२१ मध्ये इन्सुलिन सापडलं. १९३६ मध्ये हिम्सवर्थ यांनी दाखवलं, की काही मधुमेही इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. १९६० मध्ये यालो आणि बर्सन यांच्या पद्धतीमुळे रक्तातलं इन्सुलिन मोजता आलं. आणि १९७६ मध्ये कान आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांवरून हा पट्टा आणि इन्सुलिनला होणारा विरोध यांची सांगड घातली. म्हणजे बघा, खूण ओळखल्यापासून तिचा अर्थ लागेपर्यंत सुमारे ८५ वर्षं गेली!

अर्थ असा: पेशी दाद देत नाहीत, म्हणून शरीर जास्त इन्सुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं. त्वचा जाड होते, म्हणून काळी दिसते. तो मळ नव्हेच.

"आमची मुलगी तर बारीक आहे," असं कुणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांत अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. तरी आपल्या बाळांच्या अंगावर त्या मानानं चरबी टिकून होती. वरून बारीक, आतून चरबी!

म्हणून उपचार मूळ कारणावर हवा: चालणं, आहार, वजन जास्त असेल तर ते कमी करणं, डॉक्टरांना गरज वाटली तर मेटफॉर्मिन. मलमांचा उपयोग मर्यादित. घासण्यानं त्वचा उलट चिडते. पट्टा मोठ्या वयात अचानक आला आणि वजनही घटत असेल, तर मात्र लगेच तपासून घ्या.

मान घासायला सांगण्याआधी एकदा रक्त तपासा, एवढंच मागणं.