जमैकातील डान्सहॉल संगीताची दृश्यकला : अल्बमची मुखपृष्ठे व रस्त्यावरील फलक

१९६२ मध्ये ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झालेल्या जमैकाच्या रेगे संगीताचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत आकारास आलेल्या डान्सहॉल संगीताची चित्रे दीर्घकाळ अभ्यासाबाहेरच राहिली.

रेगेची दृश्यभाषा घडविण्यात नेव्हिल गॅरिक यांचा वाटा मोठा होता. बॉब मार्ले यांच्या ‘सर्व्हायव्हल’ (१९७९) या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्यांनी आफ्रिकी राष्ट्रांचे ध्वज मांडले व शीर्षकामागे गुलामवाहू जहाजाचा आराखडा ठेवला. १९८० च्या निवडणुकीत शेकडो माणसांचा बळी जाऊन सत्तांतर झाले. १९८१ मध्ये मार्ले यांचे निधन झाले. याच काळात संगीताचा रोख मुक्तीच्या स्वप्नाकडून वस्तीतील रोजच्या जगण्याकडे आणि रात्रीच्या नाचाकडे वळला. त्यासाठी वेगळा चित्रकार हवा होता.

विल्फ्रेड लिमोनियस (१९४९–१९९९) हा तो चित्रकार होय. ‘जमैका स्टार’ या दैनिकात त्याने हास्यचित्रमालिका काढल्या, तर ‘जमाल’ या प्रौढ साक्षरता मोहिमेच्या प्रकाशनांसाठी चित्रे रेखाटली. पुढे १९८० च्या दशकात त्याने डान्सहॉलच्या असंख्य अल्बमची मुखपृष्ठे केली. नाचणाऱ्यांची दाटी, अतिशयोक्त शरीरे आणि कोपऱ्याकोपऱ्यांत पात्रांच्या तोंडची पात्वा बोलीतील वाक्ये, असे त्यांचे रूप होते. शाळेत व कचेरीत इंग्रजीच प्रतिष्ठित होती. पात्वाच्या लेखनासाठी फ्रेडरिक कॅसिडी यांनी १९६१ मध्ये पद्धत सुचविली होती, पण सामान्यांपर्यंत ती पोहोचली नव्हती. अशा स्थितीत नवसाक्षरांसाठी चित्रे काढणाऱ्या हातानेच लोकांची बोली छापील अक्षरांत आणावी, ही घटना केवळ विनोदाची मानता येत नाही. या चित्रांतील स्त्रीदेहाचे चित्रण अनेकदा ओंगळ आहे, हेही नाकारण्याचे कारण नाही.

लंडनमध्ये ग्रीनस्लीव्हज कंपनीसाठी टोनी मॅक्डरमॉट यांनी वेगळी वाट धरली. ध्वनिमिश्रक सायंटिस्ट त्यांच्या मुखपृष्ठांवर १९८१ मध्ये रक्तपिशाच्चांचा नायनाट करतो आणि १९८२ मध्ये फुटबॉलचा विश्वचषक जिंकतो. तंत्रज्ञालाच नायक करणारी ही कल्पना डान्सहॉलच्या स्पर्धावृत्तीशी सुसंगत होती.

याहून अल्पायुषी कला रस्त्यावर होती. हार्डबोर्डवर भडक रंगांत हाताने रंगविलेले फलक झाडांना व खांबांना ठोकले जात. त्यांवर नाचाची तारीख, स्थळ व ध्वनियंत्रणेचे नाव असे. तारीख उलटली की फलकाचे काम संपे. बहुतेकांवर रंगविणाऱ्याचे नावही नसे. १९९७ च्या ध्वनिनियंत्रण कायद्याने रात्रीच्या ध्वनिक्षेपकांवर वेळेची बंधने आणली. पुढे संगणकावर केलेली छापील जाहिरात स्वस्त झाली. मॅक्सीन वॉल्टर्स यांनी असे फलक जमविले नसते, तर त्यांपैकी फारच थोडे शिल्लक राहिले असते. त्यांच्या संग्रहावरील ग्रंथ २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लिमोनियसवरील ख्रिस्तोफर बेटमन यांचा ग्रंथही आला. तोवर त्याच्या मृत्यूला सतरा वर्षे झाली होती.