हौशी प्राध्यापक, पगारी खेळाडू : बाळू पालवणकर, दि. ब. देवधर आणि महाविद्यालयीन प्रशिक्षकपदाचा पूर्वेतिहास

प्रास्ताविक

व्यावसायिक खेळाडूने मैदान सोडल्यावर महाविद्यालयात प्रशिक्षक म्हणून रुजू व्हावे, ही अमेरिकेतील शैक्षणिक जीवनात रुळलेली वाट आहे. तेथील फुटबॉल प्रशिक्षकाचे नाव अनेकदा कुलगुरूंच्या नावापेक्षा अधिक लोकांना ठाऊक असते. महाराष्ट्रात अशी वाट का तयार झाली नाही, या प्रश्नाकडे क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. खेळाचा इतिहास आपल्याकडे बहुधा विक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. खेळाडूचे पोट कशावर चालत होते आणि खेळ थांबल्यावर त्याच्या हातातील विद्येचे काय झाले, हे प्रश्न त्यात क्वचितच येतात. प्रस्तुत लेखात पुण्याच्या मैदानावर घडलेल्या दोन क्रिकेटपटूंच्या जीवनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांपैकी बाळू पालवणकर हे पगारावर मैदानात आले, तर प्राध्यापक दि. ब. देवधर महाविद्यालयाचा पगार घेऊन हौशी खेळाडू म्हणून खेळले.

1892 : अमेरिकेतील एक नोंद

12 नोव्हेंबर 1892 रोजी पिट्सबर्ग परिसरात अॅलेगेनी अॅथलेटिक असोसिएशन आणि पिट्सबर्ग अॅथलेटिक क्लब या संघांमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. अॅलेगेनीच्या बाजूने येल विद्यापीठाचा नामवंत माजी खेळाडू विल्यम हेफेलफिंगर उतरला. त्याने मिळवलेल्या गुणांवर अॅलेगेनीने 4-0 असा विजय मिळवला. या सामन्यासाठी त्याला 500 डॉलर देण्यात आले होते. पैसे घेऊन खेळणे त्या काळी अप्रतिष्ठेचे असल्याने ही गोष्ट उघडपणे मान्य केली गेली नाही. पुढे अनेक दशकांनी क्लबच्या जमाखर्चाच्या वहीतील नोंद उजेडात आली, तेव्हा हेफेलफिंगर हा अमेरिकन फुटबॉलचा पहिला ज्ञात व्यावसायिक खेळाडू ठरला.

पुढच्याच वर्षी, 1893 मध्ये, हेफेलफिंगर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. 1894 मध्ये तो लिहाय येथे आणि 1895 मध्ये मिनेसोटा येथे याच कामावर होता. मैदानावरून विद्यापीठाच्या आवारात जाण्यास त्याला अडचण आली नाही, कारण तो मुळात त्याच आवारातून मैदानावर आला होता. त्याच 1892 साली शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी अमॉस अलोन्झो स्टॅग यांना शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख नेमून थेट प्राध्यापक वर्गात स्थान दिले. स्टॅग स्वतः व्यावसायिक खेळाडू नव्हते. तथापि प्रशिक्षक हा विद्यापीठाचा अध्यापक असू शकतो, हे त्यांच्या नेमणुकीने प्रस्थापित झाले. पुढील चार दशके ते शिकागो येथेच होते.

पुण्यातील चार रुपये महिना

त्याच सुमारास पुण्यात बाळू पालवणकर हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पूना क्लबवर दरमहा चार रुपयांवर नोकरीस लागला. त्यापूर्वी पारशी क्लबच्या मैदानावर त्याला तीन रुपये मिळत. 1876 मध्ये जन्मलेल्या बाळूचे कुटुंब कोकणातील पालवणचे, चर्मकार समाजातील. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी लावणे, मैदान झाडणे ही त्याची कामे. सवडीने तो इंग्रज साहेबांना जाळीत गोलंदाजी टाकू लागला. डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीवरील त्याची हुकमत पाहून कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या काळचा उत्तम इंग्रज फलंदाज रोज त्याच्याकडून सराव करून घेई आणि आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देई, असे सांगितले जाते. साहेबांनी त्याला तासन्‌तास गोलंदाजी टाकायला लावली, पण फलंदाजीची संधी मात्र कधी दिली नाही.

या तपशिलाचा अर्थ नीट लक्षात घ्यावयास हवा. खेळाडूला जाळीत सराव देणे आणि त्याच्या खेळातील उणीव त्याला दाखवून देणे हेच प्रशिक्षकाचे काम होय. बाळू ते वयाच्या विशीच्या आत करीत होते. परंतु त्या कामाचे नाव ‘प्रशिक्षण’ नव्हते. ते नोकराचे काम होते. एकच काम करणारा माणूस एका ठिकाणी प्राध्यापक वर्गात बसतो आणि दुसऱ्या ठिकाणी पॅव्हेलियनच्या पायरीवर उभा राहतो, हा फरक खेळाने निर्माण केलेला नाही.

पुण्यातील हिंदू संघाने इंग्रजांना हरवण्यासाठी बाळूंना संघात घेतले, तेही बऱ्याच वादानंतर. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू घेत. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. पुढे ते मुंबईस गेले. तेथे लष्करात आणि नंतर रेल्वेत त्यांनी नोकरी केली आणि हिंदू जिमखान्याच्या संघाचे प्रमुख गोलंदाज झाले. 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपियनांवर जो गाजलेला विजय मिळवला, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या संघाची कामगिरी एकूण निराशाजनक ठरली. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून 114 बळी घेतले. असे असूनही त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीही देण्यात आले नाही.

संस्कृतचे प्राध्यापक आणि फलंदाज

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म 14 जानेवारी 1892 रोजी पुण्यात झाला. बाळू इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले त्याच वर्षी, 1911 मध्ये, देवधर प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये आले. शिक्षण प्रसारक मंडळीचे न्यू पूना कॉलेज 1916 मध्ये सुरू झाले आणि पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथे देवधर संस्कृतचे प्राध्यापक होते. डिसेंबर 1926 मध्ये आर्थर गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी 148 धावा केल्या. त्याच महिन्याच्या आरंभी सी. के. नायडूंनी त्याच संघाविरुद्ध 153 धावा काढल्या होत्या. या खेळ्यांमुळे हिंदी क्रिकेट कसोटीच्या योग्यतेचे आहे ही खात्री दृढ झाली. 1932 मध्ये भारताने पहिली कसोटी खेळली तेव्हा देवधर चाळिशीत होते. त्यांच्या वाट्याला कसोटी आली नाही.

देवधरांचे खरे कार्य त्यानंतरचे आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. विजय हजारे आणि रंगा सोहोनी हे त्या संघातील तरुण खेळाडू. 1939-40 मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनी नाबाद 316 धावा केल्या, तेव्हा कर्णधार देवधर होते. पुढच्या हंगामात मुंबईविरुद्ध स्वतः देवधरांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी 246 धावा केल्या. पन्नाशी ओलांडल्यावर, 1944-45 मध्ये, नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके (105 आणि 141) काढली. निवड समिती, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद, नियामक मंडळाचे उपाध्यक्षपद अशा जबाबदाऱ्याही त्यांनी सांभाळल्या. त्यांच्या कन्या बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेत्या झाल्या, यावरून त्या घरात खेळाला काय स्थान होते याची कल्पना येते. 1973-74 पासून त्यांच्या नावाची स्पर्धा खेळवली जाऊ लागली, 1991 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि 24 ऑगस्ट 1993 रोजी वयाच्या एकशे एकाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

छत्तीस वर्षांहून अधिक चाललेल्या या प्रथम श्रेणी कारकिर्दीमागे चिकाटी आणि शरीरसामर्थ्य होते, यात शंका नाही. पण तिच्यामागे महाविद्यालयाची नोकरीही होती. मैदानावर अपयश आले तरी दुसऱ्या दिवशी वर्ग भरत होता आणि महिनाअखेर पगार मिळत होता. ‘हौशी’ या शब्दाला जी प्रतिष्ठा होती, ती अशा स्थैर्यातून आलेली होती. बाळूंना चाळिशीनंतर हे स्थैर्य क्रिकेटने दिले नाही. महाविद्यालयाने ते देण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण महाविद्यालयात जाण्याचे दारच त्यांच्यासाठी उघडलेले नव्हते.

1920 चा प्रसंग

या दोन जीवनांची गाठ 1920 च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी पडली. बाळूंना संघातून वगळण्यात आले होते. त्यांचे धाकटे बंधू शिवराम आणि विठ्ठल हे दोघे संघात होते. नियुक्त कर्णधार एम. डी. पै आजारी पडले, तेव्हा ज्येष्ठतेने आणि कामगिरीने कर्णधारपद पालवणकर बंधूंपैकी एकाकडे जाणे स्वाभाविक होते. हिंदू जिमखान्याच्या समितीने मात्र त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या देवधरांना कर्णधार नेमले. दोघा बंधूंनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांत मोठा वाद झाला. अखेर अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि बंधूही संघात आले. 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि हिंदू संघाने त्या वर्षी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र आणि रामचंद्र गुहा यांचा ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (2002) हा ग्रंथ या प्रकरणाच्या अभ्यासासाठी महत्त्वाचे आहेत. गुहांच्या ग्रंथापूर्वी मराठी क्रीडालेखनात बाळूंचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीपुरता येत असे.

या प्रसंगाचा दोष व्यक्तिशः देवधरांवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. निर्णय समितीचा होता. परंतु समितीला जे नाव सहज सुचले ते पुण्यातील सुशिक्षित ब्राह्मणाचे होते, ही बाब दुर्लक्षिता येत नाही. पुढे रणजी करंडकाच्या वेळी देवधरांनी तरुण संघ घडवला तो याच अधिकाराच्या जोरावर. हा अधिकार अर्धा मैदानावर मिळवलेला आणि अर्धा सामाजिक स्थानातून आलेला होता. बाळूंजवळ पहिला अर्धा भाग देवधरांहून कमी नव्हता. त्यांची ऊर्जा पुढे राजकारणाकडे वळली. 1932 च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत त्यांचा सहभाग होता. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. 1955 मध्ये त्यांचे निधन झाले. आपली गोलंदाजी त्यांनी एखाद्या संस्थेत शिकवली असती तर काय झाले असते, हा तर्काचा विषय आहे. ती शिकवण्यासाठी पद अस्तित्वात नव्हते, ही मात्र वस्तुस्थिती आहे.

संस्थानांचा आश्रय हा पगारी खेळाडूपुढील तिसरा मार्ग होता. ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट यांना विक्रमसिंहराव पवारांनी आणले आणि त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ हजाऱ्यांना झाला. संस्थाने विलीन झाली आणि तो आश्रयही संपला.

महाविद्यालयातील पद

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. 1961 मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली आणि प्रशिक्षण हा पदविका घेऊन करावयाचा व्यवसाय झाला. विदर्भात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शारीरिक शिक्षणाचे शास्त्रशुद्ध अध्यापन रुजवले. बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांत आज दिसणारे शारीरिक शिक्षण संचालकाचे पद या प्रवाहातून आलेले आहे. मात्र ते पद प्रामुख्याने पदवीधारकाचे आहे, खेळाडूचे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनी आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेतील पदकविजेत्यास या पदासाठी पात्र मानले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्यासही पदव्युत्तर पदवीची अट आहे. दुसरीकडे, विदर्भाने 2017-18 आणि 2018-19 मध्ये रणजी करंडक जिंकला तो चंद्रकांत पंडित या माजी कसोटीपटूच्या पगारी मार्गदर्शनाखाली. म्हणजे संघटनेने जे स्वीकारले ते महाविद्यालयाने अद्याप पुरते स्वीकारलेले नाही. तालमीतील वस्ताद किंवा कबड्डीचा जुना खेळाडू आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेआधी पंधरा दिवस मुलांना तयार करतो आणि वार्षिकांकात त्याचे नाव ‘विशेष सहकार्य’ या सदराखाली येते, किंवा येतही नाही.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी साधने दूर शोधावी लागणार नाहीत. जिमखाना समितीची इतिवृत्ते, क्रीडाशुल्काच्या जमाखर्चाच्या वह्या, मैदानावरील रोजंदारीची हजेरीपत्रके आणि जुने वार्षिकांक अनेक महाविद्यालयांत अद्याप शिल्लक आहेत. हेफेलफिंगरच्या 500 डॉलरची नोंद अशाच एका वहीत होती. जिल्ह्यातील मैदानांवर रोलर कोणी फिरवला, मुलांना जाळीत चेंडू कोणी टाकले आणि त्यांना त्याबद्दल काय मिळाले, याची नोंद कोठे असेल तर ती याच कागदांत मिळण्याचा संभव आहे. जुनी कागदपत्रे रद्दीत काढण्यापूर्वी इतिहास विभागाने ती एकदा पाहून घ्यावीत.