आर्लचा फोरम चौक

फ्रान्सचें नांव काढलें कीं आपल्या मनापुढें पॅरिस उभें राहतें, आणि पॅरिस म्हटलें कीं रुंद राजमार्ग, विजयकमान आणि आयफेलचा मनोरा. परंतु त्या देशाचा इतिहास ज्यास जवळून पाहावयाचा असेल त्यानें राजधानी सोडून दक्षिणेची वाट धरावी, असें माझें मत आहे. ऱ्होन नदी आल्प्स पर्वतांतून निघून भूमध्य समुद्राकडे जाते. समुद्राच्या अलीकडे तिचे दोन फांटे होतात, आणि त्या दुफांट्यापाशीं, नदीच्या डाव्या तीरावर, आर्ल नांवाचें जुनें शहर वसलेलें आहे. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्या हिशेबानें तालुक्याचें गांव. येथें वीस हजार प्रेक्षक बसतील असें रोमन क्रीडांगण आहे, नाट्यगृह आहे, प्राचीन स्नानगृहें आहेत. पण श्रोतेहो, आज मी आपणांस त्यांपैकीं कोठेंच नेणार नाहीं. आपण जाणार आहों तो एक लहानसा चौक आहे.

त्याचें नांव 'प्लास द्यु फोरम', म्हणजे फोरमचा चौक. ह्या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जाण्यास मिनिटभरही लागत नाहीं. चारी बाजूंस तीन-चार मजल्यांचीं घरें, मध्यें चिनाराच्या जातीचीं कांहीं झाडें, त्यांच्या सावलींत उपाहारगृहांचीं टेबलें व खुर्च्या, आणि एका कडेस एक ब्राँझचा पुतळा. घाईचा प्रवासी कॉफी पिऊन अर्ध्या तासांत निघून जातो. त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. पण ज्या खुर्चीवर तो बसला होता तिच्या भोंवतीं दोन हजार वर्षें कशीं रचलेलीं आहेत, हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें.

इ. स. पूर्वीं ४९ मध्यें ज्यूलियस सीझर व पॉम्पी यांच्यांत यादवी पेटली. तेव्हां मासिलिया, म्हणजे हल्लींचें मार्सेय, पॉम्पीच्या बाजूस गेलें. त्या शहरास वेढा घालण्यासाठीं सीझरनें आर्ल येथें बारा युद्धनौका बांधविल्या, आणि लांकूड तोडल्या दिवसापासून तीस दिवसांत त्या तयार झाल्या असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. मासिलिया पडलें. इ. स. पूर्वीं ४६ मध्यें सहाव्या पलटणीच्या निवृत्त शिपायांची वसाहत आर्लमध्यें स्थापण्यांत आली, आणि ह्या नदीकांठच्या गांवाचें भाग्य उघडलें. शेजाऱ्याच्या पडतीवर आपली भरभराट, हा प्रकार इतिहासांत नवा नाहीं.

वसाहत झाली कीं फोरम हवाच. रोमन नगरांत फोरम म्हणजे चावडी, बाजारपेठ, देवालय आणि न्यायकचेरी हीं सारीं एका पटांगणाभोंवतीं आणिल्यासारखी जागा. आर्लची जमीन नदीकडे उतरती आहे. तेथें सपाट पटांगण करावयाचें तर उताराच्या बाजूस भर हवी. रोमन स्थपतींनीं नुसती माती भरली नाहीं. त्यांनीं जमिनीखालीं कमानदार जोड-दालनें बांधलीं. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचीं हीं दालनें सुमारें ९० मीटर लांब व ६० मीटर रुंद जागा व्यापतात, आणि त्यांच्या माथ्यावर फोरम उभा राहिला. वरचा फोरम केव्हांच नाहींसा झाला, खालचीं दालनें अजून शाबूत आहेत.

येथें नांवाचा एक घोटाळा सांगितला पाहिजे. हल्लींचा फोरम चौक म्हणजे तो रोमन फोरम नव्हे. खरा फोरम याच्या थोडा दक्षिणेस होता. चौक त्याच्या उत्तर कडेस लागून आहे. फोरमची खूण म्हणून चौकांत दिसते ती एकच. 'नॉर-पिनुस' नांवाच्या जुन्या हॉटेलाच्या भिंतींत दोन कोरिंथियन स्तंभ व त्यांवरील शिखरपट्टीचा एक तुकडा अडकून राहिलेला आहे. चवथ्या शतकांत फोरमला जोडून जी इमारत उभारली गेली, तिचे हे अवशेष. तो काळ कॉन्स्टंटाइन बादशहाचा व त्याच्या मुलांचा. इ. स. ३१४ मध्यें पश्चिमेकडील ख्रिस्ती धर्माध्यक्षांची परिषद त्यानें ह्याच शहरांत भरविली होती. पुढें साम्राज्य मोडलें, लोकांनीं पडक्या इमारतींना टेकून घरें बांधलीं, आणि हे दोन स्तंभ घराच्या भिंतींत गेले. कांहीं रसिकांना हें विद्रूप वाटतें. मला मात्र वाटतें कीं भिंतीनेंच त्यांस वांचविलें. उघड्यावर राहिलेल्या किती स्तंभांचे चिरे मध्ययुगांत चर्चच्या व घरांच्या पायांत गेले, त्याची गणती कोण करणार?

फोरम हें ह्या चौकाचें नांव पुढें पडलेलें. त्यापूर्वीं ह्यास 'प्लास देझ ऑम' म्हणत. ह्याचा सरळ अर्थ माणसांचा चौक. रोजंदारीवर काम मिळावें म्हणून मजूर येथें येऊन उभे राहत, आणि शेतमालक त्यांस निवडून घेऊन जात. आर्लच्या खालीं कामार्ग नांवाचा नदीमुखाचा विस्तीर्ण सखल प्रदेश आहे, पूर्वेस क्रो नांवाचें दगडगोट्यांचें माळरान आहे. दोन्हींकडे मोठमोठ्या वाड्या. पेरणी, कापणी, मेंढरांची लोंकर कातरणें, सगळ्यास हात लागत. आपल्या शहरांतल्या एखाद्या नाक्यावर सकाळच्या प्रहरीं हत्यारें पायाशीं ठेवून उभे असलेले लोक ज्यानें पाहिले असतील, त्यास ह्या चौकाचें जुनें रूप समजण्यास कल्पनाशक्तीची फारशी गरज पडूं नये. कोणास बोलावणें आलें, कोणी दुपारपर्यंत तसाच उभा राहिला. त्या माणसांचा येथें पुतळा नाहीं, शिलालेख नाहीं. चौकाच्या नांवांत ते होते, आणि तें नांवही बदललें.

हे मजूर जी भाषा बोलत ती फ्रेंच नव्हे. ती प्रोव्हान्साल. लॅटिनपासून निघालेली, फ्रेंचची बहीण म्हणावी अशी भाषा. मध्ययुगांत दक्षिणेच्या ह्या भाषाकुळांतील कवींचीं गीतें साऱ्या युरोपच्या दरबारांतून गाइलीं जात. १५३९ सालीं फ्रान्सिस राजानें फर्मान काढलें कीं न्यायालयीन व सरकारी कागद फ्रेंचमध्येंच लिहिले जावे. तेव्हांपासून प्रोव्हान्साल ही शेताची व स्वयंपाकघराची भाषा होत गेली. राज्यक्रांति झाली, राजा गेला, पण ह्या बाबतींत क्रांतिकारक राजाहून कडक निघाले. १७९४ सालीं ग्रेग्वार नांवाच्या धर्मगुरूनें राष्ट्रसभेपुढें अहवाल मांडला. त्यांतील मागणी अशी कीं देशांतील गांवठी बोल्या नष्ट करून सर्वत्र एकच भाषा चालू करावी. स्वातंत्र्य व समता यांच्या नांवानें ही मागणी झाली, हें विशेष.

आतां चौकांतील पुतळ्याकडे वळूं. रुंद कडांची टोपी घातलेले, ओव्हरकोट हातावर टाकून उभे असलेले हे गृहस्थ म्हणजे कवि फ्रेडरिक मिस्त्राल. जन्म १८३०, आर्लपासून कांहीं कोसांवरील माय्यान ह्या खेड्यांत. बाप सुखवस्तु शेतकरी. मुलास शिक्षणासाठीं आव्हिन्योंच्या एका शाळेंत ठेविलें, तेथें रूमानीय नांवाचा तरुण शिक्षक होता. ह्या रूमानीयची एक गोष्ट सांगतात. त्यानें फ्रेंचमध्यें कविता केली, आईस वाचून दाखविली. त्या माळीणबाईस तींतलें कांहीं समजेना. तेव्हांपासून त्यानें आईच्या भाषेंत लिहावयाचें ठरविलें. ह्या शिक्षकाचा व शिष्याचा स्नेह जमला. १८५४ सालीं सात मित्रांनीं मिळून 'फेलिब्रीज' नांवाची मंडळी स्थापिली. आपल्या भाषेस पुन्हां साहित्याच्या पंक्तीस बसवावयाचें, हा तिचा उद्देश. १८५९ सालीं मिस्त्रालचें 'मिरेयो' हें महाकाव्य निघालें. नायिका राजकन्या नव्हे. क्रोच्या माळरानावरील एका सधन शेतकऱ्याची ती मुलगी, आणि तिचें मन जडलें तें टोपल्या विणणाऱ्या एका गरीब मुलावर. माणसांच्या चौकांत ज्यांनीं उभें राहावें अशांपैकींच तो एक. त्यानंतर मिस्त्रालनें आपल्या भाषेचा दोन मोठ्या खंडांचा कोश रचला, आणि १९०४ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें; त्या वर्षीं तें स्पेनचे नाटककार एचेगाराय यांच्यासह विभागून देण्यांत आलें होतें. आपल्या वांट्याची रक्कम त्यानें आर्लमधील 'म्यूझेओन आर्लातेन' ह्या लोकजीवनाच्या संग्रहालयासाठीं खर्च केली. शेतीचीं अवजारें, पाळणे, बायकांचे पोशाख, सणांच्या वस्तू हीं त्यानें जिवंतपणीं जमा केलीं. हें संग्रहालय चौकापासून अगदीं जवळ आहे. दीर्घकाळ दुरुस्तीसाठीं बंद असलेलें तें २०२१ सालीं पुन्हां उघडलें.

शिल्पकार तेओदोर रिव्हिएर यानें केलेला पुतळा १९०९ सालीं, 'मिरेयो'च्या सुवर्णमहोत्सवीं, खुद्द कवीच्या समक्ष उभारण्यांत आला. टोपी आणि कोट पाहून मिस्त्राल म्हणाला म्हणे, कीं मी आगगाडीची वाट पाहत उभा आहें, फक्त पेटी तेवढी राहिली. पुतळ्याभोंवतीं लोखंडी कठडा आहे, त्याचे गज त्रिशूळाच्या आकाराचे. पांढऱ्या घोड्यांवर बसून कामार्गचे काळे बैल हांकणारे जे गुराखी, त्यांचें तें हत्यार. दुसऱ्या महायुद्धांत व्हिशी सरकारनें धातूसाठीं ठिकठिकाणचे पुतळे उतरविले, त्यांत १९४२ सालीं मिस्त्रालही गेला. १९४८ मध्यें पुतळा पुन्हां बसविला गेला.

पुतळा परत करतां आला. भाषेचें तसें झालें नाहीं. १८८१ व १८८२ च्या कायद्यांनीं फ्रान्समध्यें प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें झालें. फार मोठें काम झालें यांत शंका नाहीं. पण शिकविणें फ्रेंचमध्येंच. अनेक शाळांतून अशी रीत होती, कीं जो मुलगा घरची भाषा बोलतांना सांपडेल त्याच्या हातांत एक लांकडाचा तुकडा किंवा तसलीच कांहीं खूण द्यावयाची. त्यानें ती दुसऱ्या बोलणाऱ्यास पकडून त्याच्या गळ्यांत घालावयाची, आणि शाळा सुटतांना ती ज्याच्यापाशीं राहील त्यास शिक्षा. मीं जन्मभर शाळेंत काढला आहे. वर्गांत शांतता कशी ठेवतात, कोणत्या युक्त्या चालतात, हें मला ठाऊक आहे. परंतु मुलांस एकमेकांच्या जिभेवर पहारेकरी नेमण्याची ही युक्ति मला अत्यंत हिणकस वाटते. ज्या पेशानें रूमानीय दिला त्याच पेशानें ही खूणही दिली. प्रादेशिक भाषा शाळेंत ऐच्छिक म्हणून शिकवूं देणारा कायदा १९५१ सालीं झाला, पण तोंपर्यंत दोन पिढ्यांच्या आयांनीं आपल्या मुलांशीं फ्रेंच बोलण्यास सुरुवात केली होती. २०१० सालच्या युनेस्कोच्या नोंदींत प्रोव्हान्साल अतिशय संकटांत असलेल्या भाषांत घातलेली आहे. आज पुतळ्याखालच्या टेबलांवर अनेक देशांच्या भाषा कानांवर येतात. पुतळ्यांतील माणसाची भाषा त्यांत क्वचितच.

ह्या टेबलांवर इतकी गर्दी कां, याचें कारण मिस्त्राल नव्हे. १८८८ च्या फेब्रुवारींत व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा पस्तिशीचा डच चित्रकार आर्लला आला. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत त्यानें ह्या चौकांतल्या कॅफेचें रात्रीचें चित्र काढलें. दिवसां टिपण करून घरीं रंगविण्याची रीत त्यानें सोडली, व रात्रीं चौकांतच कॅनव्हास मांडला. चित्रांत काळा रंग नाहीं, निळा, जांभळा व हिरवा यांनींच रात्र केली आहे, असें त्यानें बहिणीस कळविलें होतें. कॅफेच्या छपराखालीं मोठा गॅसचा दिवा, त्याच्या उजेडांत पिवळी झालेली भिंत, खालीं दगडी फरसबंदी, वर चांदण्या. पुतळा चित्रांत नाहीं. तो यावयास अजून एकवीस वर्षें होतीं. हें चित्र हल्लीं नेदरलँड्समध्यें ओतर्लो येथील क्रोलर-म्युलर संग्रहालयांत आहे.

त्याच डिसेंबरांत मनाच्या विकारांत व्हॅन गॉगनें स्वतःचा कान कापून घेतला. हा प्रकार ह्या चौकांत नव्हे, स्टेशनाजवळच्या त्याच्या पिवळ्या घरांत घडला. नंतर तेथील तीस रहिवाशांनीं नगराध्यक्षाकडे अर्ज दिला कीं हा माणूस धोक्याचा आहे. १८८९ च्या मे महिन्यांत तो आर्ल सोडून सॅं-रेमीच्या रुग्णालयांत गेला, आणि पुढल्या वर्षीं जुलैंत वारला. पिवळें घर १९४४ च्या बाँबहल्ल्यांत पडलें. अर्ज करणाऱ्या लोकांवर आज हंसणें सोपें आहे; ज्यांच्या शेजारीं तो राहत होता त्यांच्या जागीं आपण काय केलें असतें, याचा विचार मात्र हंसण्यापूर्वीं करावा.

पण पुढचें ऐकण्यासारखें आहे. व्हॅन गॉगच्या चित्रांतील पिवळा रंग गॅसदिव्याचा होता, भिंतीचा नव्हे. १९९० नंतर ह्या कॅफेची भिंत चित्राप्रमाणें पिवळ्या रंगानें रंगविण्यांत आली. आतां भर दुपारीं, उन्हांतही, तीवर गॅसदिव्याचा उजेड पडलेला दिसतो. मूळ वस्तूवरून चित्र, ही कलेची रीत. चित्रावरून वस्तु, ही व्यापाराची. प्रवासी त्या भिंतीसमोर उभे राहून छायाचित्रें घेतात व समाधानानें परततात. मला हा रंग रुचत नाहीं, हें सांगून ठेवितों. हॉटेलवाल्यांनीं स्तंभ भिंतींत घेतले तेव्हां त्यांनीं ते स्तंभ नसल्याचा आव आणला नव्हता.

आर्लला कोणी जाणार असेल तर त्यानें फोरम चौकांत सकाळीं लौकर, खुर्च्या मांडल्या जाण्यापूर्वीं जावें. मजूर उभे राहत असतील ती हीच वेळ. मग दक्षिणेस दोन-तीन मिनिटें चालून गेलें कीं रेपुब्लिक चौकांतलें नगरभवन लागतें. तेथूनच फोरमखालच्या दालनांत उतरण्याचा जिना आहे. आंत उन्हाळ्यांतही गारवा असतो आणि जमीन ओलसर असते, म्हणून पायांत चांगले बूट असावे.