पुन्हा पाठव, पण कधी?

इंजिनीअरिंगला नेटवर्क्सच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न: प्युअर अलोहाचा थ्रूपुट जास्तीत जास्त किती? १८.४ टक्के. स्लॉटेडचा? ३६.८. दोन्ही आकडे घोकले, मार्क मिळवले आणि विसरलो. त्यात खरी भानगड काय आहे ते नोकरीला लागल्यावर कळलं, तेही स्वतःच्याच चुकीने. ते सांगतोच.

गोष्ट हवाईची. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि मंडळींनी जून १९७१ मध्ये रेडिओवर चालणारं पॅकेट नेटवर्क सुरू केलं. (साहेब स्टॅनफर्ड सोडून तिकडे गेले त्यामागे सर्फिंगचं वेडही होतं!) लांबलांबच्या टर्मिनल्सना मुख्य कॉम्प्युटरशी बोलायचं, आणि पाठवायला सगळ्यांत मिळून चॅनल एकच. नियम एकदम साधा. पॅकेट तयार झालं की पाठवून मोकळं व्हा. पोचपावती आली नाही तर टक्कर झाली असं समजा, रँडम वेळ थांबा, पुन्हा पाठवा. १९७२ मध्ये लॅरी रॉबर्ट्सने वेळेचे स्लॉट पाडायला सुचवलं आणि क्षमता दुप्पट झाली.

आमचं पुस्तक इथे संपायचं. पण ते आकडे काढताना एक गोष्ट गुपचूप धरलेली असते: चॅनलवरची एकूण गर्दी स्थिर आहे. ती नसते हो! टकरा वाढल्या की खोळंबलेले वाढतात, ते पुन्हा पाठवतात, की आणखी टकरा... १९७५ मध्ये क्लाइनरॉक आणि लॅम यांनी, आणि त्याच वर्षी कार्लेयाल आणि हेलमन यांनी (हो, डिफी-हेलमनवालाच) याचं गणित मांडलं. नियम तेच, येणारा लोडही तोच, तरी सिस्टिमच्या दोन अवस्था असू शकतात. एकीत सगळं सुरळीत, दुसरीत सगळे बोलतायत आणि पोचत जवळपास काहीच नाही. योगायोगाने टकरांची एक लाट आली की पहिलीतून दुसरीत, आणि मग तिथेच मुक्काम.

उपाय ऐकायला सोपा आहे. खोळंबलेले जितके जास्त, तितकं प्रत्येकाने कमी बोलायचं. पण किती खोळंबलेत हे कुणाला माहीत? मेटकाफ आणि बॉग्ज यांनी इथरनेटमध्ये (पेपर १९७६ चा) दर टकरीनंतर थांबण्याची सरासरी वेळ दुप्पट केली. व्यवहारात छान चालतं. आल्डसने मात्र १९८७ मध्ये सिद्ध केलं की स्टेशनं अमर्याद मानली तर हा नियम कितीही कमी लोडला अस्थिरच. त्याच वर्षी रिव्हेस्टने (आरएसएमधला आर) वेगळी वाट दाखवली: चॅनल ऐकत राहा. टक्कर ऐकू आली की खोळंबलेल्यांचा अंदाज वाढवा, नाहीतर कमी करा. अंदाज न असेल तर प्रत्येकाने १/न शक्यतेने पाठवायचं. हे ३६.८ टक्क्यांच्या आत स्थिर राहतं. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

आता माझी चूक. क्लायंटच्या कोडमध्ये मी लिहिलं होतं: उत्तर नाही आलं तर ५ सेकंदांनी पुन्हा विचार. सगळ्यांना ५ च. एका संध्याकाळी सर्व्हर २ मिनिटं पडला. उठला की सगळे एकदम अंगावर, की परत आडवा. लोड म्हणाल तर रोजचाच! अडीच तासांनी शेवटी अर्धे क्लायंट हाताने बंद केले, तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला.

क्लाइनरॉक-लॅमचा पेपर मी त्या रात्री घरी येऊन पहिल्यांदा उघडला.