पुणे ते भामरागड: प्रकाश ऐकण्याचा इतिहास

१/ देशातील पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात, स्थानिक टेलिफोन एक्स्चेंज जोडण्यासाठी सुरू झाली. अंतर शहरापुरतेच होते.

२/ गडचिरोलीहून भामरागड शंभराहून अधिक किलोमीटर. पर्लकोटेच्या पुराने रस्ता तुटतो तेव्हा संपर्काचे मोल कळते. मात्र उत्तम फायबरमध्येही १०० किलोमीटरनंतर प्रकाशाचा सुमारे शंभरावा भागच उरतो.

३/ १९८७ मध्ये एर्बियम वर्धक आले. त्यांनी प्रकाश वाढवला, पण स्वतःचा गोंगाटही त्यात मिसळला. आलेला संकेत १ की ०, हा निवाडा अखेर रिसीव्हरलाच करावा लागतो.

४/ त्याची रीत रडारच्या काळातील आहे. अपेक्षित स्पंदाच्या आकाराशी जुळणारा फिल्टर लावल्यास संकेत गोंगाटातून सर्वाधिक उठून दिसतो, हे ड्वाइट नॉर्थ यांनी १९४३ मध्ये दाखवले. जोडीला जादा अंक पाठवून चुका दुरुस्त करता येतात, याचा सैद्धांतिक पाया क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये घातला.

५/ प्रत्येक वर्धकाला वीज आणि देखभाल लागते. रिसीव्हरचा निवाडा जितका अचूक, तितकी जंगलातली अशी ठाणी कमी. म्हणून फायबरचा इतिहास केवळ काचेचा नाही; तो क्षीण संकेत नेमका ओळखण्याचाही आहे.